'फ्यू बॉक्सेस' लिहिलं आणि बुकिंग पुढे गेलं

सर, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावातली. शिक्षण बी.कॉम., सगळं मराठी माध्यमातून. सध्या केळी निर्यात करणाऱ्या एका पॅकहाऊसच्या ऑफिसात आहे. दुबईच्या खरेदीदारांना मेल करायचं काम माझ्याकडे असतं. मागच्या महिन्यात मी 'वुई हॅव फ्यू बॉक्सेस रेडी फॉर लोडिंग' असं लिहिलं. मला म्हणायचं होतं की काही बॉक्स तयार आहेत, लोडिंग सुरू करता येईल. तिकडून उत्तर आलं की माल इतका कमी असेल तर या आठवड्याचं बुकिंग पुढे ढकलतो. शेठनी फोन करून निस्तरलं, पण मला फार लागलं. त्याआधी एकदा 'इन्फॉर्मेशन्स' लिहिलं म्हणून पुण्याचा मावसभाऊ सगळ्यांसमोर हसला होता. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'मेनी', न मोजता येणाऱ्यांना 'मच', हा तक्ता मला पाठ आहे. पण पैसे तर आपण रोज मोजतो, मग 'मेनी मनी' का नाही? केस मोजता येतात, दागिने मोजता येतात. मोजता येणं म्हणजे नेमकं काय? आणि मेलच्या शेवटी मी 'मेनी थँक्स' लिहिते, ते तरी बरोबर आहे का?

— एक वाचक, चोपडा

ताई,

आधी ते बुकिंगचं बघू, कारण त्यात तुमच्या पगाराचा आणि शेठच्या मालाचा प्रश्न आहे. तुम्ही लिहिलेल्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, आणि घोटाळा झाला तो त्यामुळेच. वाक्य चुकलेलं असतं तर समोरच्याने उलट विचारलं असतं. ते बरोबर होतं, फक्त त्याचा अर्थ तुमच्या मनातल्या अर्थाच्या उलट होता. 'अ फ्यू बॉक्सेस' म्हणजे थोडे बॉक्स आहेत. नुसतं 'फ्यू बॉक्सेस' म्हणजे फारसे बॉक्स नाहीत. आकडा दोन्हीकडे तोच असू शकतो. पहिल्यात 'आहेत'वर जोर आहे, दुसऱ्यात 'नाहीत'वर. खरेदीदाराने तुमचं वाक्य 'फारसा माल नाही' असंच वाचलं आणि त्या हिशेबाने तो नीटच वागला.

न मोजता येणाऱ्या नामांपुढे हीच जोडी 'लिटल' आणि 'अ लिटल' अशी येते. मे महिन्यात विहिरीत डोकावून कुणी 'देअर इज लिटल वॉटर' म्हटलं तर बागेचं आता कसं होणार या काळजीने म्हटलं. 'देअर इज अ लिटल वॉटर' म्हटलं तर घटकाभर मोटर चालेल, एखादं पाणी देता येईल. 'क्वाइट अ फ्यू'चा अर्थ मात्र चांगलेच, बरेच असा होतो. तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास उलटा वाटतो.

ऑफिसच्या मेलपुरतं माझं म्हणणं स्पष्ट आहे: आकडा हाताशी असेल तर 'फ्यू'ही नको आणि 'अ फ्यू'ही नको. '४०० बॉक्सेस आर रेडी' लिहा. धंद्यात आकड्यासारखं स्वच्छ काही नाही. आकडा अजून हाती आला नसेल तर 'सम' लिहा. 'सम' दोन्ही तऱ्हेच्या नामांना चालतो आणि त्याच्यात नकाराची छटा नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही पाठ केलेला तक्ता बरोबर आहे, पण तो शेवटच्या पायरीचा आहे. 'मेनी' कुठे आणि 'मच' कुठे, हे दहा-बारा शब्दांचं पाठांतर एका संध्याकाळीही होतं. अडतं ते त्याच्या अलीकडे, नाम कोणत्या बाजूचं आहे तिथे. आणि शाळेत आपल्याला सांगतात की वस्तू बघा आणि ती मोजता येते का ते ठरवा. हे सांगणंच दिशाभूल करणारं आहे. वस्तूकडे बघून काही ठरत नाही. इंग्रजी त्या नामाला अनेकवचन देते की नाही आणि त्याच्यापुढे थेट आकडा लावू देते की नाही, एवढंच बघायचं. पैसे आपण मोजतो म्हणजे खरं तर रुपये मोजतो. 'फाइव्ह हंड्रेड रुपीज' होतं, 'फाइव्ह हंड्रेड मनीज' होत नाही. म्हणून 'हाऊ मेनी रुपीज', पण 'हाऊ मच मनी'. दूध जसं लिटरने मोजतो आणि दुधाला स्वतःला अनेकवचन नसतं, तसंच 'मनी'चं.

तुम्ही पैसे, केस आणि दागिने अशी तीनच उदाहरणं दिलीत, पण ती नेमकी दिलीत. तिन्ही शब्द मराठीत अनेकवचनी चालतात. पैसे संपले, केस पिकले, दागिने घडवले. आणि इंग्रजीत 'मनी', 'हेअर', 'ज्वेलरी' तिन्ही एकवचनी, न मोजता येणारे. आपण मराठीत विचार करतो, मनात अनेकवचन तयारच असतं, आणि लिहिताना हात आपोआप 'मेनी'कडे जातो. सल्ले, बातम्या, पुरावे, अवजारं, कामं यांचंही तेच. इंग्रजीत 'ॲडव्हाईस', 'न्यूज', 'एव्हिडन्स', 'इक्विपमेंट' आणि नोकरी-कामाच्या अर्थी 'वर्क' हे सगळे न मोजता येणारे. 'न्यूज'च्या शेवटी 'स' ऐकू येतो म्हणून फसू नका. 'द न्यूज इज गुड' हेच बरोबर. तांदूळ घ्या. घरात आई म्हणते तांदूळ निवडले, तांदूळ भिजवले. इंग्रजीत 'राइस' एकवचनीच, मग पोतं असो की मूठभर. माझा अनुभव असा की आपल्याकडच्या मुलांच्या चुका या शब्दांवर जितक्या होतात तितक्या 'वॉटर' आणि 'मिल्क'वर होतच नाहीत, कारण पाणी आणि दूध मराठीतही एकवचनीच आहेत. पुस्तकातली उदाहरणं मात्र नेहमी पाण्यादुधाची.

याच्या उलटी गल्लीही आहे, आणि ती बाजार समितीतून जाते. आपण म्हणतो कांदा उतरला, मिरची तेजीत आहे, भाजी महाग झाली, हरभरा चांगला आलाय. सगळं एकवचनात. इंग्रजीत 'अनियन्स', 'चिलीज', 'व्हेजिटेबल्स', 'चिकपीज' असे अनेकवचनी जातात आणि त्यांच्यापुढे 'मेनी' किंवा 'फ्यूअर' येतो. नंदुरबारच्या मिरची बाजारात पसरलेली लाल मिरची म्हणजे 'चिलीज'. तीच डंकातून निघाली की 'चिली पावडर', आणि मग 'मच'. भरिताच्या वांग्यांकडे बघा. आसोद्याची किंवा बामणोदची वांगी पाटीत आहेत तोवर 'हाऊ मेनी ब्रिंजल्स'. कपाशीच्या काड्यांवर भाजून, सालं काढून, हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचली की एकेक वांगं उरलंच नाही. आता 'देअर इज टू मच ब्रिंजल अँड टू लिटल गार्लिक' असं म्हणता येतं. वांगं तेच आहे. आधी त्याच्याकडे नग म्हणून बघत होतो, आता जिन्नस म्हणून बघतोय. 'चिकन'चंही असंच, अंगणात फिरणाऱ्या कोंबड्या 'थ्री चिकन्स' आणि ताटातलं 'सम चिकन'. 'पेपर' वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा असेल तर मोजायचा, लिहायचा कागद असेल तर 'मच पेपर'. 'ग्लास' काच असेल तर न मोजता येणारी, पाण्याचा पेला असेल तर मोजता येणारा.

धान्यांत नियम शोधायला जाऊ नका. इंग्रजीत गहू म्हणजे 'व्हीट' न मोजता येणारा आणि 'ओट्स' मात्र अनेकवचनी. दाण्याच्या आकारात दोघांमध्ये असा काय मोठा फरक? वाटाणे, शेंगदाणे मोजता येणारे. तांदूळ, मका, साखर न मोजता येणारे. हे असंच आहे, तसंच शिकायचं.

दागिन्यांचं मात्र कारण सांगता येतं आणि ते एकदा पटलं की एक मोठा गट सुटतो. इंग्रजीत काही नामं साऱ्या जातीची नावं असतात आणि त्या जातीतल्या एकेका वस्तूला वेगळं नाव असतं. जळगावच्या सराफ बाजारात काचेमागे मांडलेली सगळी 'ज्वेलरी'. त्यातली बांगडी 'बँगल', अंगठी 'रिंग', साखळी 'चेन', आणि ही सगळी मोजता येतात. 'टू बँगल्स' चालेल, 'टू ज्वेलरीज' नाही. 'फर्निचर' जातीचं नाव, 'चेअर' आणि 'टेबल' त्यातली माणसं. 'लगेज' जातीचं, 'बॅग' एकेकटी. 'मशिनरी' आणि 'मशीन', 'इक्विपमेंट' आणि 'टूल', 'ट्रॅफिक' आणि 'व्हेइकल', 'क्लोदिंग' आणि 'शर्ट'. मराठीत आपण सामान, यंत्रसामग्री, वाहतूक हे शब्द असेच एकवचनात वापरतो. कुणी 'वाहतुका' म्हणत नाही. तिथे मराठीवर भरवसा ठेवा. 'इन्फॉर्मेशन'लाही तोच भरवसा कामाला आला असता. मराठीत माहिती असते, 'माहित्या' नसतात. मावसभावाचं हसणं सोडून द्या. 'इन्फॉर्मेशन्स', 'फर्निचर्स', 'इक्विपमेंट्स' हे शब्द मोठमोठ्या ऑफिसांच्या सूचनाफलकांवरही दिसतात, त्यामुळे ते तुमच्या डोळ्यांत बसले असतील तर नवल नाही.

आता तुमच्या टेबलावरचे शब्द घेऊ, कारण रोज लागणार आहेत ते हेच.

केळीपासून सुरुवात. 'बनाना' मोजता येणारं नाम. बागेतून उतरवलेला घड म्हणजे 'बंच', त्यातली फणी म्हणजे 'हँड', आणि फणीतलं एकेक केळं म्हणजे 'फिंगर'. केळीच्या व्यापारात जगभर हेच शब्द आहेत. तिन्ही मोजता येणारे. म्हणून 'टू मेनी शॉर्ट फिंगर्स', 'फ्यूअर हँड्स पर बॉक्स'. 'फ्रूट' मात्र व्यापारी इंग्रजीत बहुतेक वेळा न मोजता येणारा असतो: 'द फ्रूट इज स्टिल ग्रीन'. 'फ्रूट्स' तेव्हा, जेव्हा केळी, डाळिंब, आंबा अशी वेगवेगळी फळं म्हणायची असतील. खरेदीदाराला केळीबद्दलच लिहिताय तर 'द फ्रूट' लिहा, ते जास्त नीट वाचलं जातं.

'डॅमेज'पाशी थांबा. यावर मला जरा आग्रहाने सांगायचं आहे. मालाला झालेली इजा म्हणजे 'डॅमेज', न मोजता येणारं. 'देअर इज सम डॅमेज इन ४० बॉक्सेस' हे बरोबर. पण 'डॅमेजेस' असं अनेकवचन केलं की कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुकसानभरपाईची रक्कम असा होतो. 'वुई ॲक्सेप्ट द डॅमेजेस' असं वाक्य तुमच्या मेलमध्ये गेलं आणि पुढे वाद झाला, तर ते शेठना महागात पडू शकतं. किती बॉक्सना इजा झाली आहे ते सांगायचं असेल तर 'डॅमेज्ड बॉक्सेस' लिहा, तिथे 'मेनी' आणि आकडा दोन्ही बिनधोक लागतात.

'ॲडव्हाईस' न मोजता येणारं, हे वर म्हटलं. तरी तुमच्या फायलीत 'शिपिंग ॲडव्हाईस' नावाचा कागद येतो, बँकेकडून 'पेमेंट ॲडव्हाईस' येते, आणि लोक 'टू ॲडव्हाईसेस' म्हणतात. ते चुकत नाहीत. तिथे त्या शब्दाचा अर्थ सल्ला नसून लेखी सूचनापत्र असा आहे, आणि पत्रं मोजता येतात. सल्ल्याच्या अर्थी मात्र 'अ पीस ऑफ ॲडव्हाईस' किंवा नुसतं 'सम ॲडव्हाईस'.

'डॉक्युमेंट' मोजायचं, 'डॉक्युमेंटेशन' नाही. 'पॅकेज' मोजायचं, 'पॅकेजिंग' नाही. 'फीडबॅक' कधीच 'फीडबॅक्स' होत नाही. 'स्टाफ' म्हणजे सगळी माणसं मिळून. एकेक सांगायचा तर 'थ्री मेंबर्स ऑफ स्टाफ'. 'गुड्स' नेहमी अनेकवचनी, 'द गुड्स आर रेडी', पण त्याच्यापुढे आकडा लावत नाहीत. 'ईमेल' आता सर्रास मोजतात, 'टू ईमेल्स' चालतं; 'करस्पॉन्डन्स' अजूनही नाही. जिनिंगच्या एखाद्या ऑफिसात पुढे काम केलंत तर 'कॉटन' न मोजता येणारा आणि गाठ म्हणजे 'बेल' मोजता येणारी, आपल्याकडे १७० किलोची. 'हाऊ मच कॉटन', 'हाऊ मेनी बेल्स'. न मोजता येणाऱ्या प्रत्येक नामाला असा एखादा मोजणारा जोडीदार सापडतोच: 'बेल', 'किलो', 'पीस', 'शीट', 'आयटम'. आकडा त्या जोडीदाराला लावायचा.

'लेस' आणि 'फ्यूअर'चा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्या मेलमध्ये येणारच. परीक्षेचा नियम असा की 'फ्यूअर बॉक्सेस', 'लेस वॉटर'. या नियमाचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे. इंग्रज लोक 'लेस' हा शब्द हजारएक वर्षं दोन्हीकडे वापरत आले आहेत. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने आपली पसंती लिहिली की आकड्यांबरोबर 'फ्यूअर' अधिक शोभतो, आणि ती पसंती पुढे व्याकरणाच्या पुस्तकांत नियम होऊन बसली. तरीही ब्रिटनच्या सुपरमार्केटांत 'टेन आयटम्स ऑर लेस' अशा पाट्या होत्याच. त्यावरून इतकी कुरबुर झाली की टेस्को या दुकानसाखळीने २००८ मध्ये पाटीच बदलून 'अप टू टेन आयटम्स' केली. म्हणजे तुमच्याकडून 'लेस बॉक्सेस' गेलं तर तिकडच्याला अर्थ कळेल, कुणी बुकिंग रद्द करणार नाही. पण परीक्षेत गुण जातील आणि औपचारिक पत्रात खटकेल, तेव्हा 'फ्यूअर'ची सवय लावून घ्या.

वजन, अंतर, वेळ, पैसा आणि तापमान यांच्यापुढे मात्र आकडा असूनही 'लेस दॅन'च येतो. 'द बॉक्स वेज लेस दॅन १३ किलोज' बरोबर. इथे तेरा सुटे किलो नसून एक वजन आहे. 'लेस दॅन २४ अवर्स', 'लेस दॅन ५,००० रुपीज' हेही तसेच. 'फ्यूअर दॅन १३ किलोज' कुणी म्हणत नाही.

'अमाउंट' आणि 'नंबर' यांतही हीच वाटणी: 'अ लार्ज अमाउंट ऑफ वॉटर', 'अ लार्ज नंबर ऑफ बॉक्सेस'. 'अ नंबर ऑफ बॉक्सेस' म्हणजे बरेच बॉक्स, म्हणून पुढे 'आर'. 'द नंबर ऑफ बॉक्सेस' म्हणजे तो आकडा, म्हणून पुढे 'इज'. 'ईच' आणि 'एव्हरी' नंतर नाम एकवचनातच, 'एव्हरी बॉक्स', कधीच 'एव्हरी बॉक्सेस' नाही.

आणि 'मच'बद्दल एक गोष्ट तक्ता सांगत नाही. होकारार्थी साध्या वाक्यात 'मच' अवघडलेला वाटतो. 'वुई हॅव मच स्टॉक' नियमाने चुकीचं नाही, पण बोलणारा असं बोलत नाही. तो 'वुई हॅव अ लॉट ऑफ स्टॉक' म्हणेल. 'मच' शोभतो तो प्रश्नात आणि नकारात: 'हाऊ मच स्टॉक इज देअर?', 'वुई डोन्ट हॅव मच स्टॉक'. त्याच्यापुढे 'टू' किंवा 'सो' आला की तो होकारातही चालतो. 'अ लॉट ऑफ' दोन्ही तऱ्हेच्या नामांना लागतो. क्रियापद नामाकडे बघून घ्यायचं, 'अ लॉट ऑफ बॉक्सेस आर', 'अ लॉट ऑफ वॉटर इज'. 'इनफ', 'मोअर', 'मोस्ट', 'ऑल', 'एनी' आणि 'नो' हेही दोन्हीकडे चालणारे. घाईत शंका आली तर यांतला एखादा घ्या, वाक्य पार पडतं.

लक्षात कसं ठेवायचं म्हणता, तर मेनी-मचचा तक्ता भिंतीवरून काढून ठेवा आणि एक वही करा. त्यात इंग्रजीतले सगळे शब्द नकोत, फक्त तुमच्या मेलमध्ये खरोखर येणारे. ते फार नसतील. मागच्या काही महिन्यांचे पाठवलेले मेल उघडा आणि त्यातली नामं उतरवा. प्रत्येक नामाला एकटं लिहू नका, त्याच्या सोबत्यासह लिहा: 'सम डॅमेज', 'मेनी फिंगर्स', 'अ पीस ऑफ इन्फॉर्मेशन'. आपण मराठी शब्दाचं लिंग वेगळं पाठ करत नाही. 'ती वही', 'तो घड' असं ऐकत आलो म्हणून ते येतं. गावाकडे अहिराणी बोलणाऱ्या पोरालाही कुठे 'कितला' आणि कुठे 'कितली' हे कुणी शिकवलेलं नसतं. शब्दाबरोबर त्याचा सोबती कानावर पडला की तोंडात बसतो. शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीचा चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, दोन्हींचे नेटवर फुकट आहेत, आणि नाम मोजता येणारं की न मोजता येणारं हे शब्दाच्या जवळच लिहिलेलं असतं. एखाद्या शब्दाला दोन्ही खुणा दिसल्या तर अर्थ वाचा. बहुधा 'पेपर' किंवा 'ग्लास'सारखा प्रकार निघतो.

त्या खरेदीदाराला आता खुलासा करत बसू नका, शेठनी फोनवर बोलून तो विषय मिटवला आहे. पुढच्या लोडिंगच्या वेळी असं लिहा: 'वुई हॅव ८०० बॉक्सेस रेडी. अ फ्यू मोअर विल बी रेडी बाय इव्हनिंग. देअर इज नो डॅमेज अँड द फ्रूट इज ग्रीन. प्लीज लेट अस नो इफ यू नीड एनी मोअर इन्फॉर्मेशन.' आकडा तुमचा तुम्ही बदला.

राहिलं 'मेनी थँक्स'. ते अगदी बरोबर आहे. 'थँक्स' अनेकवचनी नाम आहे, म्हणून 'मेनी'. 'थँक यू व्हेरी मच'मध्ये 'थँक' हे क्रियापद आहे, म्हणून तिथे 'मच'. दोन्ही बिनधास्त लिहीत जा.